स्वेटरच्या आतली पाल

आश्लेषाला दमा होता. केसाळ प्राणी घरात नको, असं डॉक्टरांनी बजावल्यावर कुत्रा आणि मांजर दोन्ही बाद झाले. मग तिने शाळेतल्या वर्गात होती तशी पाल मागितली. तिच्या आईच्या, सुचित्राच्या, अंगावर काटाच आला. नागपूरला माहेरी भिंतीवर पाल दिसली, तरी ती खोली सोडून जायची.

"अगं, अमेरिकेत, या नोव्हायला येऊन वर्ष झालं. पोरगी अजून एकटीच आहे," देवदत्त म्हणाला. "घेऊ या."

जानेवारीतल्या एका शनिवारी तिघं पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेली. देवदत्तला सरड्यासारखी हिरवीगार इग्वाना भावली, पण ती पुढे माणसाएवढी लांब होते, असं दुकानातल्या बाईंनी सांगितलं. आश्लेषा मात्र दुसऱ्याच काचेला नाक लावून उभी होती. आत एक पिवळी, काळ्या ठिपक्यांची पाल होती.

"आई, शी ब्लिंक्स! पापण्या आहेत हिला!"

तीच ठरली. बाईंनी ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवली आणि बजावलं, "ऊब द्या, थंडीत ही टिकणार नाही. आणि घाबरवू नका, शेपूट टाकून देते."

परतताना बर्फावर गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या चरात जाऊन बसली. कुणाला लागलं नाही, पण इंजिन पुन्हा सुरू होईना. देवदत्तने फोन केला. टोइंगवाल्याला यायला तासभर तरी लागणार होता.

हळूहळू गाडी आतून गार पडली. सुचित्राने मागे वळून पाहिलं, तर आश्लेषाने स्वतःचं जॅकेट काढून डब्याला गुंडाळलं होतं. तिच्या श्वासातून बारीक शिट्टी येऊ लागली होती.

"जॅकेट घाल आधी!"

"नो! शी विल डाय!"

देवदत्तने तिचा दम्याचा पंप शोधून दिला. आश्लेषाने तो ओढला, पण जॅकेटला काही हात लावेना.

"आण इकडे," सुचित्रा म्हणाली. "मी ठेवते तिला उबेत. तू जॅकेट घाल."

तिने डबा कोटाच्या आत, स्वेटरखाली पोटाशी धरला. आश्लेषाने जॅकेटची चेन वर ओढल्यावर सुचित्राला जरा हायसं वाटलं. इतक्यात डब्याचं झाकण सुटलं. पोटावर चार गार, इवले पाय सरकले.

किंकाळी घशाशी आली होती. पण ओरडलं तर पोरगी घाबरणार, तिचा दमा वाढणार. आणि झटकलं तर पाल शेपूट टाकणार. सुचित्राने दात आवळले. पाल सरकत वर आली, गळ्याखालच्या खळग्यात थांबली आणि तिथेच चिकटून राहिली.

"आई, हलतेय का ती?"

"हो, हलतेय," सुचित्रा कशीबशी म्हणाली. खरं तर ती आता मुळीच हलत नव्हती.

टोइंगचा ट्रक आला. गळ्याखाली तळहात धरून सुचित्रा त्यात चढली.

घरी आल्यावर आश्लेषाने आधीच मांडून ठेवलेल्या काचेच्या पेटीवरचा उबेचा दिवा लावला. सुचित्राने डोळे घट्ट मिटून पाल बोटांनी अलगद सोडवली आणि पेटीत ठेवली. ती निपचित पडली. आश्लेषा ओठ चावत बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे, मग एक पापणी उघडली.

सुचित्रा स्वयंपाकघरात जाऊन साबणाने हात धूत राहिली. मग ओल्या बोटांनी गळ्याखालची जागा पुन्हा पुन्हा चोळू लागली.

"काय झालं गं?" देवदत्तने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तिला प्यायला पाणी ठेवलं का, बघ."