बादू मास्तरांचा रडका नळ

शनिवारी सकाळी नऊला बादू मास्तरांच्या अंगणातला नळ रडायचा थांबला आणि घानातल्या कुमासी शहरातल्या त्या अख्ख्या गल्लीनं गुडघे टेकले. देवाचे प्रेषित म्हणवणारे प्रोफेट झेदेकाया यांनी नळाच्या तोंडाला तेल चोळलं होतं, सूट घामानं भिजेपर्यंत आरोळ्या ठोकल्या होत्या. तीन आठवडे टपटपणारा नळ गप्प! गर्दीत सर्वांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाले ते बादू मास्तर. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणारे, तेच ते.

तसे मास्तरांनी आधी शास्त्रोक्त उपाय केले होते. नळ ठिबकला की पान्ह्यानं आवळायचा. जास्त ठिबकला की जास्त आवळायचा. "याला विज्ञान म्हणतात, सेर्वा," असं बायकोला वर ऐकवायचं. विज्ञान थकलं तेव्हा त्यांनी प्रोफेटना निरोप धाडला.

"हा नळ नव्हे, डोळा आहे," प्रोफेट आता सांगत होते. "घरातल्या चेटकिणीमुळे रडत होता. तिला मी बांधलंय, पण सूर्य मावळायच्या आत तिनं घर सोडलं पाहिजे."

"कोण ती?" कुणीतरी विचारलं.

"म्हातारी आहे. पोटी मूल नाही."

घरात अशी एकच होती, अफ्राकोमा मावशी. मास्तरांची आई गेली तेव्हा हिनंच त्यांना पाठीला बांधून वाढवलं होतं. मास्तरांना लाज वाटली, पण थांबलेला नळ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"मावशी, थोडे दिवस गावी जाऊन येतेस का?" ते पुटपुटले.

मावशी आत गेली आणि गाठोडं बांधून आली. "जाते बाबा. घोटभर पाणी तरी दे. याच नळाचं."

सेर्वानं नळ सोडला. सुतळीएवढी धार आली आणि तीही तुटली.

"रडणं थांबवलंस की पाणीच पळवलंस रे?" मावशीनं प्रोफेटला विचारलं. "जा कुणीतरी, शेजारचा नळ बघा."

शेजारीही ठणठणाट.

"आज शनिवार, मयतांचा वार," मावशी म्हणाली. "सगळं गाव मयताला जायचं म्हणून अंघोळीला बसलंय, धुणी काढलीत. चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतले मी. शनिवारी नऊला इथं पाणी कधी चढतं? पाणीच नाही तर नळ रडेल कशानं?"

हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण चमत्कार बघायला निघालेला माणूस ठाऊक असलेलं घरी ठेवून येतो.

"ही चेटकिणीचीच वाणी!" प्रोफेट गरजले.

"मग दुपारी ये, पाणी चढल्यावर थांबवून दाखव."

दुपारी प्रोफेटना दुसरीकडे फार निकडीची प्रार्थना होती. भेट मिळालेली कोंबडी काखेत मारून ते गेले.

बाराला पाणी चढलं, नळ पुन्हा ठिबकू लागला. परवाच वर्गात घसा ताणून शिकवलेला पाण्याच्या दाबाचा धडा मास्तरांना आता आठवला. त्यांनी मीटरजवळचा कॉक बंद केला आणि जन्मात पहिल्यांदा नळ उघडून पाहिला. आतलं रबरी वायसर चिरडून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. आवळून आवळून मास्तरांनीच ते मारलं होतं, म्हणजे चेटूक होतं ते त्यांच्याच मनगटात. जुन्या चपलेच्या रबरातून चकती कापून बसवली. कॉक सोडला, दाब पुरा होता, आणि एक थेंब पडला नाही.

"मावशी, चुकलो मी."

मावशी गाठोड्यावर बसून होती. "आज नळ दुरुस्त झाला म्हणून मी चांगली ठरले. उद्या पुन्हा गळला तर?"

प्रश्न सव्वीस वर्षं उत्तरं देणाऱ्या माणसाला होता. उत्तर खरं तर साधं आहे. नळ गळला तर वायसर बदलावं. आणि त्यासाठी म्हातारीला घराबाहेर काढायला सांगणारा कुणी आला, तर त्याला अंगणातसुद्धा येऊ देऊ नये, मग नळ जन्मभर गळला तरी चालेल.