भट्टीचा चिंचोका

चिंचोका सम्यकच्या पाण्याच्या बाटलीला टेकून थांबला. थांबण्याआधी तो स्वतःभोवती एकदा फिरला होता. टेबलाशेजारी उभ्या असलेल्या सुलेखानं ते फिरणं पाहिलं. बाकी सगळ्यांचे डोळे पत्त्यांवर होते.

पुंडलिकनगरात राजकुमारच्या दुकानाच्या माळ्यावर जादूच्या पत्त्यांच्या स्पर्धेचा अंतिम डाव रंगला होता. जिंकेल तो पुण्याच्या फेरीला जाणार. एका बाजूला कन्नडहून एसटीनं आलेली मोनिका, दुसऱ्या बाजूला सम्यक, सुलेखाचा धाकटा भाऊ. नियम मुखोद्गत असलेली सुलेखा एकटीच, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. म्हणून पंचही तीच. "घरचाच पंच, घरचाच पैलवान," असं सकाळीच कोणीतरी बोलून गेलं होतं.

सम्यकचा एकच प्राण उरला होता; तो गेला की डाव हरला. मोनिकासमोर 'भट्टी'चं कार्ड मांडलेलं होतं. तिनं कुठलाही मंत्र टाकला की भट्टी समोरच्याचा एक प्राण घेणार. असा परिणाम सुरू झाला की त्या कार्डाशेजारी चिंचोका ठेवायचा, ही या माळ्यावरची रीत. ठेवला नाही, तर खेळणारा विसरला असं धरायचं आणि परिणाम सोडून द्यायचा.

मोनिकानं 'वणवा' हा मंत्र टाकला, भट्टीशेजारी चिंचोका ठेवला. हात मागे घेते न घेते तोच सम्यकनं 'काट'चं कार्ड आपटलं. वणवा रद्द झाला आणि त्या दणक्यानं चिंचोका उडाला.

"मंत्र गेला, कबूल," मोनिका म्हणाली. "पण भट्टीनं तुझा प्राण घेतलाय, भाऊ."

"मंत्रच मेला, तर भट्टी पेटंल कशी?"

सुलेखा म्हणाली, "दारावरची बेल वाजली आणि तू माणसाला बाहेरूनच परत पाठवलंस, तरी बेल वाजलेलीच असते. भट्टी मंत्र टाकण्यावर चालते, तो पुरा होण्यावर नाही. काट वणव्याला लागली. भट्टीला नाही."

सम्यकनं भट्टीच्या कार्डाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग चिंचोका कुठंय?"

भट्टीशेजारी काहीच नव्हतं. बाटलीपाशी सम्यकचे स्वतःचे चिंचोके पडले होते. उडालेला त्यांतलाच एक होऊन गेला होता.

"मी ठेवला व्हता," मोनिका म्हणाली. "ठेवल्याबिगर मी हात उचलत नाय."

"व्हय, मग पाय फुटले का त्याला?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

सुलेखानं भावाकडे पाहिलं. तो बाटलीचा कागद नखानं सोलत होता. चिंचोका उडताना त्यानं पाहिला होता की नव्हता, ते तिला कळेना. बारावीत दुसऱ्यांदा नापास झाल्यापासून तो खाली मान घालून जेवायचा. परवा मात्र ताटावरून मान वर करून म्हणाला होता, "आई, मला पुण्याला जावं लागंल बहुतेक." आईनं जुनी बॅग धुऊन गच्चीत वाळत घातली होती.

राजकुमार तिच्या कानाशी आला. "मॅडम, कशाला वाईटपणा घेता? कुणी बघितलं नाय. डाव नव्यानं लावू. दोघांलाबी सारखंच."

सोपं होतं. कोणी नावंही ठेवली नसती.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि नियमांची पुस्तिका उघडली. त्यात तिला ठाऊक नसलेलं काही नव्हतं. तरी तिनं पान उलटलं. पुन्हा एक उलटलं. पंख्याखाली कागद फडफडत राहिला. मोनिकानं दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवले होते, पत्त्यांपासून लांब.

"ताई," सम्यक हळूच म्हणाला.

सुलेखानं पुस्तिका मिटली.

"चिंचोका ठेवलेला मी पाहिला, उडालेलाही," ती म्हणाली. "वणवा रद्द, भट्टी कायम. सम्यक, तुझा शेवटचा प्राण गेला. डाव मोनिकाचा."