शनिवारी सकाळचे दोन तास

तोरिनोहून सुनेचा फोन आला तेव्हा एराझ्मा गाएतातल्या घरी ओट्यावर ऑक्टोपस बडवत होती. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून तिनं बडवणं चालूच ठेवलं.

बिआंका कागदावरून वाचत होती. शुक्रवारी रात्री गाएतात पोचायचं. शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी सासूच्या हातची ऑक्टोपस भरलेली पोळी, तिएल्ला, संध्याकाळी सेरापोच्या वाळूवर फेरी. रविवारी तो दुभंगलेला डोंगर बघून परत.

"दोन दिवसांत सगळं बसवलंय आई," ती म्हणाली. "फक्त फेब्रुवारीत समुद्रावर का बोलावलंत, तेवढं कळलं नाही. गारठून मरू ना आम्ही!"

"उन्हाळ्यात तुझ्यासारख्या हजार येतात, पाय ठेवायला जागा नसते. आणि शनिवारी सकाळचे दोन तास माझे. आठ ते दहा. किल्ला काही पळून जात नाही."

"चर्चमध्ये जायचंय का?"

"त्याच वाटेवर."

हे काही खोटं नव्हतं. चर्चवरून पुढं गेलं की दफनभूमीच लागते.

गाएतात मातीतली जागा दहा वर्षांपुरती. मग थंडीच्या दिवसांत दफनभूमीतला साबातीनो कबर उकरतो, घरची माणसं हाडं स्पिरिटनं पुसतात, चादरीत गुंडाळतात, पत्र्याच्या छोट्या पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. तेव्हा कुठं माणूस खरा जागेला लागतो. तिच्या नवऱ्याची, कोझ्मोची, पाळी या शनिवारी होती. मरायच्या आदल्या दिवशी त्यानं तिचं मनगट धरून म्हटलं होतं, "मला दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको." ती म्हणाली होती, "लागेल कसा? मी काय मेलेय?" आता ती चौऱ्याऐंशीची होती. छातीचा फोटो बघून डॉक्टरनं असं तोंड केलं होतं की तिनं पुढं काही विचारलंच नाही.

चादरीचं दुसरं टोक धरायला मुलगा हवा होता. दामियानोला खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "आई, तिथली माणसं करतील ना ते." तोरिनोत सगळं पगारी माणसंच करतात. आणि बिआंकाला ताटात माशाचं डोकं दिसलं तरी घाम फुटतो. म्हणून एराझ्मानं सुनेला किल्ले आणि डोंगर मांडू दिले.

शनिवारी आठला ती काळ्या कोटात दारात उभी होती. पिशवीत स्पिरिटची बाटली, कापूस आणि लग्नात आणलेली लिननची चादर. चादरीच्या कोपऱ्यात दोघांची अक्षरं तिनं सोळाव्या वर्षी स्वतः भरली होती. तेवढीच काय ती तिला धड लिहिता येत होती.

दफनभूमीच्या फाटकाशी दामियानोच्या लक्षात आलं. "आई, आज बाबांना काढायचंय? आणि तू आम्हाला फिरायला म्हणून बोलावलंस?"

"फिरायला म्हटलं म्हणून आलास. बापासाठी म्हटलं असतं तर आला असतास?"

दामियानोनं फाटक ढकललं. बिआंकानं हातातला कागद खिशात कोंबला.

साबातीनो आणि त्याच्या जोडीदारानं माती आधीच काढून ठेवली होती. पहार लावली तेव्हा झाकण मोडलं नाही, कुरकुरत उचललं गेलं. साबातीनोनं आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"एराझ्माकाकू, तुम्ही जरा मागं व्हा."

"मागं व्हायला मी काय पाहुणी आहे?"

ती पुढं झाली. कोझ्मोचा निळा सूट तसाच होता. बटणं चकाकत होती. बूट पायात होते. आणि सुटाच्या आत कोझ्मोही अजून पुष्कळसा तसाच होता. बिआंका तोंड दाबून सरूच्या झाडाकडं गेली.

"तयार नाही झाले अजून," साबातीनो हळू म्हणाला. "परत मातीत ठेवावं लागेल. पाच वर्षं."

"पाच?"

"काकू, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं. पातळ फळी घ्या, सुती सदरा घाला. तुम्ही अक्रोडाची जाड पेटी आणलीत, आणि वर हा नायलॉनचा सूट. हा सूट तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

तिला तो दिवस आठवला. तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "माझा नवरा काय संत्र्यांच्या खोक्यातून जाणार?" सूट शेजारच्या फोर्मिया शहरातल्या मोठ्या दुकानातला होता. खांद्यावर एक सुरकुती नव्हती. बायका बघत राहिल्या होत्या, आणि रडतानासुद्धा तिला ते बरं वाटलं होतं.

दामियानो म्हणाला, "आई, पाच वर्षांनी परत येऊ आपण सगळे."

"सगळे," ती म्हणाली.

तिनं पिशवीतून चादर काढली. साबातीनो गडबडला. "काकू, आत्ता नको. ती हाडांसाठी..."

"माहीत आहे. हात लावू दे एकदा."

तिनं वाकून कोझ्मोच्या बाहीवरची माती कापसानं पुसली, एकदा, दोनदा. सुटानं माती धरलीच नव्हती. मग तिनं चादर घडी घालायला घेतली, पण कडा जुळेनात. तेवढ्यात कुणीतरी पलीकडची दोन टोकं धरली. बिआंका होती. ओठ पांढरे पडले होते, पण टोकं घट्ट धरली होती. दोघींनी एकमेकींकडं चालत येत घडी घातली.

"तुझा कागद काढ," एराझ्मा म्हणाली.

"कसला कागद?"

"बेताचा. मागची बाजू कोरी आहे ना? लिही. पातळ पाइनची फळी. सुती गाऊन, तो जुना, काखेत ठिगळाचा. बूट नकोत. पायमोजेही नकोत."

"आई, पुरे," दामियानो म्हणाला.

"तू गप्प बस. ती लिहितेय." तिनं चादर सुनेच्या हातात दिली. "आणि ही तोरिनोला ने. त्याला पुसायचं तेव्हा मी नसेन. हात तुझे असू देत, पगारी माणसांचे नकोत. त्याला सांग, मी पाठवलेत म्हणून."

साबातीनो झाकण लावत होता. दहा वाजायला अजून वेळ होता, पण तिघंही किल्ल्याकडं गेली नाहीत.