आवाज आला की तवा

सक्करदऱ्याच्या तलावाला वळसा घालून रुपरावांची फटफटी घराकडे वळली, की जिजाबाई चुलीवर तवा ठेवायच्या. आधी नाही, नंतर नाही. ज्वारीचं पीठ परातीत तयार असायचं, चूल मंद करून ठेवलेली असायची, पण तवा मात्र भिंतीला टेकवलेला. गाडी वळणापासून दारापर्यंत येईतो तो तापायचा आणि रुपराव हातपाय धुऊन पाटावर बसेतो पहिली भाकर फुगायची.

तो आवाज ऐकतच त्यांची मुलगी शामला मोठी झाली. खरं तर तो फटफट असा नव्हताच. जड, सावकाश, चिखलातून पाय उपसत बैल यावा तसा: धब्... धब्... मध्येच एक ठोका गाळल्यासारखा, मग पुन्हा धब्. वहीवर मान घालून गणितं सोडवतानाही तिला तो आईच्या आधी ऐकू यायचा. मग ती स्वयंपाकघरात तवा वाजायची वाट पाहायची.

रुपराव ओव्हरसियर होते. बंधाऱ्यांच्या कामांवर खेडोपाडी फिरायला त्यांनी कामठीच्या छावणीतल्या लिलावात युद्धाच्या काळातली एक बीएसए मोटरसायकल घेतली होती. तापाचं निमित्त होऊन ते गेले, तेव्हा ती गाडी परसात पेरूच्या झाडाखाली उभी राहिली, ती तशीच. वर गोणपाटं पडली, चाकांतली हवा गेली, टाकीवर पाखरांनी आपला हक्क सांगितला. आणि जिजाबाई सगळ्या भाकरी सकाळीच उरकून टाकू लागल्या. संध्याकाळी शामलासाठी दूध-भात गरम करायच्या, स्वतः मात्र गार भाकर कुस्करून खायच्या.

"एक ताजी टाक ना, माय," शामला म्हणायची.

"कोनासाठी? मले गारच बरी लागते."

शामला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. पावसाळ्याच्या तोंडाशी रुजू व्हायचं होतं. जायच्या आधी तिला तो आवाज एकदा ऐकायचा होता. घरात बसून, वळणाकडून येणारा. आणि त्यावर आईनं तवा ठेवलेला पाहायचा होता. कुणाला सांगण्यासारखं हे कारण नव्हतं, म्हणून तिनं आईला एवढंच सांगितलं की गाडी पडून गंजते आहे, सुट्टीत चालू करून बघते.

"तुले काय येते त्यातलं?" जिजाबाई म्हणाल्या.

"काहीच नाही. पण इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोलची वाफ, दाब आणि ठिणगी. एकेक तपासते."

"मंग तपास बाप्पा. पन ते हात माह्या पिठाच्या डब्याले लावू नको."

मे महिन्याच्या उन्हात, पेरूच्या सावलीपुरत्या जागेत, काम सुरू झालं. रॉकेलात भिजवून नट सैल करायचे, काढलेला प्रत्येक भाग जुन्या साडीच्या तुकड्यावर काढला त्या क्रमानं मांडायचा, ही तिची पद्धत. पहिल्याच दिवशी कोंबडीनं ती साडी ओलांडली आणि क्रम गेला. मग तिनं प्रत्येक भागाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली. तेल गळू नये म्हणून लागणारा, लोकर दाबून केलेला जाड नमदा आणायला ती गांधीबागेच्या बाजारात गेली, तर दुकानदारानं विचारलं, टोपी शिवायची की आसन? "मोटरसायकलचं आसनच समजा," ती म्हणाली.

बाकीचं सामान कामठीच्या देवाजीकाकांकडे. लष्करानं मोडीत काढलेल्या सामानाचं त्यांचं दुकान होतं आणि रुपरावांची गाडी लिलावातून काढून देणारे तेच. एक पाय गुडघ्यात वाकत नसल्यानं ते स्वतः गाडी चालवत नसत, पण बोलायला त्यांना पायाची गरज नव्हती.

"एम.एस्सी. करून फटफटी खोलून राहिली का वं? मुंबईवाले काय म्हनतील?"

"मुंबईवाल्यांना माहीत नाही, काका."

"अन् जिजावहिनी?"

"तिला वाटतं मी विकायला काढणार."

देवाजींनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, मग ढिगात हात घालून कार्बोरेटरची सुई आणि एक जुना प्लग काढून दिला. "रुपरावची गाडी आहे. तिले विकाची भाषा करू नको."

हँडलवर डाव्या मुठीजवळ एक बारकी लिव्हर होती. ठिणगीची वेळ पुढेमागे करायची. तिची तार कधीच तुटली होती आणि बिजागर गंजून धरलं होतं. शामलानं विचार केला: नव्या गाड्यांना ही नसतेच, म्हणजे तिच्यावाचून अडत नाही. ठिणगी लवकर पडली तर इंजिनाला जोर जास्त. म्हणून तिनं लिव्हर काढून डब्यात टाकली आणि ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोवरची कडी पुढच्या टोकाला तारेनं बांधून टाकली. पहिल्याच किकला गाडीनं असा उलटा झटका दिला की पायाची नडगी काळीनिळी झाली. जिजाबाईंनी हळद लावली. सगळं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शामलानं कडी थोडी मागे सरकवली, पुन्हा बांधली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली.

गाडी शिकायला तलावाकाठचं मैदान होतं. पडणं-उठणं झालं, क्लच समजला, पोरांची हसाहस झाली. मग एका संध्याकाळी ती सरळ रस्त्याला लागली, लांबून फिरून वळणावर आली, घराकडे वळली. दारात गाडी बंद करून ती आत गेली.

जिजाबाई तांदूळ निवडत होत्या. "कोनाची गाडी आली वं दारात?" त्यांनी विचारलं.

तवा भिंतीला टेकलेलाच होता.

शामला मोरीत हात धुवायला गेली. ते तेल साबणानं कधी निघत नसे, तरी बराच वेळ धूत राहिली. आवाज वेगळा आहे हे तिलाही चालवताना जाणवलं होतं. कडक, नीटनेटका, घाईचा. बाबांची गाडी अशी बोलत नव्हती.

मग तिनं प्रयोगासारखं घेतलं. एका वेळी एकच बदल. सायलेन्सरला जुनं भोक होतं, ते तिनं बुजवलं होतं, ते उघडलं. आवाज मोठा झाला, जड झाला नाही. पेट्रोल जास्त सोडून पाहिलं. गाडी धुरानं खोकायला लागली. प्रत्येक वेळी वळणावरून घरी यायचं, आईच्या चेहऱ्याकडे पाहायचं. आई चटणी वाटत असायची, वाती वळत असायची. एकदा मात्र म्हणाली, "काहून सारखी चकरा मारून राहिली? काय शोधून राहिली तू?"

"बाबांचा आवाज," शामलाच्या तोंडून निघून गेलं.

जिजाबाईंचे हात थांबले. वाती तशाच ताटात ठेवून त्या उठल्या, पदर कमरेला खोचला. "चाल, मले बसव मांगं."

"तू?"

"काहून? माह्यासाठीच त ते मागचं शीट बसोलं होतं त्याइनं. कोराडीच्या देवीले नेत होते."

आई एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसली आणि तिनं सवयीनं हात पुढे घालून लेकीची कंबर धरली. तलावाची पार चक्कर झाली. वळण आलं, शामलानं वेग कमी केला, तसा आईचा हात कमरेवरून सुटून पुढे आला. डाव्या मुठीजवळ, लिव्हर जिथं होती त्या मोकळ्या जागेवर बोट टेकलं.

"इथं," आई तिच्या कानाशी ओरडली, "वळनावर आले का तुह्ये बाबा इथं आंगठ्यानं काहीतरी सरकवत. मंग गाडी बदलून जाये."

शामलानं गाडी थांबवली. इंजिन फटफटत होतं आणि तिला एकदम सगळं उलगडलं. ठिणगी मागे सरकवली की स्फोट उशिरा होतो, अर्धवट जळलेला जाळ सायलेन्सरमध्ये जाऊन धडकतो, ठोका सुस्त आणि जड होतो. आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली. वळणावर असं करायचं काही कारण नव्हतं. वेग कमी करायचा तर मूठ सोडली की पुरे. उलट त्यानं इंजिन तापतं, पेट्रोल फुकट जातं. टायरची हवासुद्धा रोज तपासणारा माणूस हे वर्षानुवर्षं, फक्त त्या वळणावर करत होता. त्या आवाजाचा एकच उपयोग होता. तो लांबवर जात होता.

तिनं हे आईला सांगितलं नाही. आईला सांगायची गरज होती असंही तिला वाटलं नाही.

डब्यातली लिव्हर निघाली. देवाजीकाकांनी तार दिली. "ही का शोधून राहिली होती?" लिव्हर हातात घेऊन ते म्हणाले आणि ढिगाकडे तोंड फिरवून बराच वेळ काहीतरी उगाच चाळत बसले.

जायला थोडेच दिवस उरले होते. संध्याकाळी ती लांबवर जाऊन परत फिरली. वळण आलं. अंगठ्यानं लिव्हर सरकवली. गाडी खालून हेलावली, मंदावली. शामलानं कान टवकारले. तिला साखळीची खडखड ऐकू आली, वाऱ्याचा भणभणाट, मडगार्डचा सैल नट. खालून धक्के जाणवत होते, पण धब् धब् असं काही नव्हतं. चिखलातून पाय उपसत येणारं काही नव्हतं. पुन्हा चुकलं. जड मनानं ती दारापर्यंत आली, गाडी बंद केली, तशीच बसून राहिली.

मग तिला वास आला.

आत चूल धडधडत होती. तव्यावरची भाकर जिजाबाईंनी निखाऱ्यांवर उभी केली होती आणि ती टम्म फुगत होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"हात धू. पाट घे."

"आवाज आला?"

"आला म्हनून त टाकली."

शामला उंबऱ्यातच उभी राहिली. "मले नाही आला, माय. मले फक्त खडखड ऐकू आली."

जिजाबाईंनी भाकर ताटलीत घेतली. फडक्यानं राख झटकली. "गाडीवरच्याले कसा येईन?" त्या म्हणाल्या. "तुह्या बाबाले बी कधी आला नसन."

शामला पाटावर बसली. भाकरीतून वाफ निघत होती, बोटांना चटका बसत होता. जिजाबाईंनी ताटलीतली भाकर मोडली. अर्धी लेकीच्या ताटात ठेवली, अर्धी स्वतःपुढे ओढली आणि ती गार व्हायची वाट न पाहता पहिला घास तोंडात टाकला.