डाव्या इंजिनाचा खोटा भोंगा

जानेवारीपासून 'मॉर्निंग ग्रेस' ओरडायला लागली होती. धक्क्याला बांधलेली असताना दोन-दोन तास इंजिन चालवा, हूं नाही की चूं नाही. पण टायरेल बे बंदराच्या बाहेर पडून लाटा लागल्या, की सुकाणूसमोरचा लाल दिवा पेटायचा आणि भोंगा किंचाळायचा. डाव्या इंजिनाचं ऑइल प्रेशर गेलं म्हणून. धावत जाऊन इंजिन बंद करावं, तोवर भोंगा आपोआप गप्प.

ही यॉट आमच्या कॅरिआकू बेटावरच्या दातांच्या डॉक्टरांची, डॉक्टर फर्ग्युसनांची. डॉक्टर गेल्यावर त्यांची मुलगी व्हर्लिन टोरंटोहून ती विकायला आली होती. दोन गिऱ्हाइकं आली, चक्कर मारायला बाहेर गेली आणि भोंगा ऐकून परतली.

"ॲल्विन, तीन मेकॅनिक झाले," ती मला म्हणाली. "एकाने ऑइलचा पंप बदलला, दुसऱ्याने सेन्सर बदलला. तिसरा म्हणाला, भोंग्याची वायरच कापून टाकू."

"तिसरा हुशार होता. सर्दी झाली की नाक कापायचं."

ती हसली, पण थकलेली दिसत होती.

मी रीतसर सुरुवात केली. इंजिनालाच दाबमापक काटा लावला आणि तिला बोट बाहेर न्यायला सांगितलं. वर भोंगा बोंबलत होता आणि खाली माझ्या डोळ्यांसमोर काटा जागचा हलत नव्हता. म्हणजे इंजिन ठणठणीत, बातमी खोटी. मग डाव्या-उजव्या इंजिनांचे सेन्सर अदलाबदल केले. तरी ओरड डाव्याचीच. राहता राहिली वायर. ती इंजिनखोलीतून निघून स्वयंपाकघराच्या जमिनीखाली जात होती आणि तिथून पुढे कुठे, ते वायरिंगच्या नकाशात होतं तसं सापडेना. शोधायची तर सगळी लाकडी कपाटं फोडायला हवी होती. ती कपाटं विंडवर्ड गावच्या सुतारांनी हाताने घडवलेली. माझा हात धजेना.

"ही बोट मी आणि अंकल झेफनी उभी केलीय," मी म्हटलं. "त्यांना आणतो."

"अजून आहेत ते?"

"आहेत. म्हणजे, कधी असतात, कधी नसतात."

झेफरिन ऊर्फ अंकल झेफ बोटींच्या कामातले माझे गुरू. अठराव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली लागलो, आता मी अठ्ठावन्नचा आणि ते शहाऐंशीचे. अलीकडे त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. मी गेलो तेव्हा ते ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"कोण, बेन्सन?" त्यांनी विचारलं. बेन्सन त्यांचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन बारा वर्षं झाली.

"ॲल्विन, अंकल. मॉर्निंग ग्रेस बिघडलीय."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "डॉक्टरला किती वेळा सांगितलं, इंजिन गरम झाल्याशिवाय पळवू नकोस! चल."

त्यांची सून अनीस दारातून म्हणाली, "अहो, चप्पल तरी घाला!"

बोटीवर चढवताना मला आणि व्हर्लिनला त्यांना धरावं लागलं. पण डेकवर पाय पडताच त्यांनी आमचे हात झटकले. एकेका कठड्याला हात लावत खाली गेले. व्हर्लिनकडे बघून म्हणाले, "मिस युनिस, आज पाव नाही भाजला?"

युनिस म्हणजे व्हर्लिनची आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. चालू दे तसंच, अशी मी मान हलवली.

"आज नाही जमलं, मिस्टर झेफरिन," ती हळूच म्हणाली.

"मग काय मजा! या बाईने बोटीवर नारळाचा पाव भाजला की वास पार हिल्सबरोच्या धक्क्यापर्यंत जायचा. ऑगस्टच्या बोटींच्या शर्यतींना आम्ही हिच्या मागे मागे. शर्यत कोण बघतंय!" मग एकदम माझ्याकडे वळून चिडून म्हणाले, "आणि तुला त्या वायरी हलवायला लावल्या, तेव्हा किती तोंड वाकडं केलंस तू!"

"कुठल्या वायरी, अंकल?"

"डोकं कुठे ठेवतोस रे? शेगडी डावीकडे हवी म्हणाली ना ही. लाटांत भांडी पडतात म्हणून झुलणारी शेगडी आणली डॉक्टरने. मग मधल्या सगळ्या वायरी शेगडीच्या मागून वर घेतल्या आपण. एक दिवस गेला. तू दुपारभर शिव्या घालत होतास. आणि हिने पाव दिला तेव्हा गप्प."

मला काहीच आठवत नव्हतं. पण शिव्या घालणं माझ्या स्वभावाला धरून होतं.

व्हर्लिन एकाएकी म्हणाली, "शेगडी झुलू नये म्हणून तिला खिटी होती. आई गेल्यावर बाबांनी ती कायमची लावून टाकलेली. डिसेंबरात साफसफाई करताना मी काढली. झुलणारी शेगडी आहे हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून."

मी शेगडीचे चार स्क्रू काढले आणि ती पुढे ओढली. मागे टॉर्च मारला. वायरींचा जुडगा होता, माझ्याच हातचे मेणदोऱ्याचे वेढे त्याला. त्यातली एक वायर सैल पडून बाहेर लोंबत होती, आणि शेगडीचा मागचा कोपरा झुलून जिथे येतो, नेमकं तिथे तिचं कातडं गेलं होतं. आत तांबं चमकत होतं. शेगडी गॅसच्या तांब्याच्या नळीतून इंजिनाच्या धातूशी जोडलेली. तिचा कोपरा उघड्या तारेला शिवला की भोंग्याला वाटायचं, खालून सेन्सरच सांगतोय, प्रेशर गेलं. आणि धक्क्याला शेगडी हलतेय कशाला?

"वेढा ढिला कुणी मारला?" अंकल झेफनी विचारलं.

"मीच, अंकल."

"दिसतंय."

चाळीस वर्षांत इतका आनंद मला कुठल्या बोलण्याने झाला नव्हता. मी नवी वायर ओढली, जाड रबरी नळीतून नेली आणि शेगडीच्या वाटेपासून वीतभर दूर घट्ट बांधली. अंकल शेजारी बसून प्रत्येक गाठ बोटाने चाचपत होते. एक मला परत मारायला लावली.

मग बाहेर निघालो. व्हर्लिन सुकाणूवर, अंकल तिच्या बाजूच्या खुर्चीत. सँडी आयलंड ओलांडलं तशा लाटा चढल्या. खाली शेगडी ठक्क ठक्क झुलत होती. भोंगा गप्प. तासभर गप्प.

"आईबद्दल आणखी सांगा ना," व्हर्लिन म्हणाली.

त्यांनी सांगितलं. तिची आई कशी नवऱ्याच्या आधी मासा गळाला लावायची आणि मग तो त्यानेच पकडला म्हणून गावात सांगत सुटायची, ते. व्हर्लिनला यातलं काहीच माहीत नव्हतं. हसता हसता ती डोळे पुसत होती. परत वळायची वेळ झाली तरी तिने बोट वळवली नाही. पार पुढच्या पेटीट मार्टिनिक बेटापर्यंत नेली.

ईस्टरच्या आधी दूरच्या, मोठ्या मार्टिनिक बेटावरच्या एका जोडप्याने यॉट घेतली. व्हर्लिनने विकायचं रद्द केलं नाही. टोरंटोला तिची नोकरी होती, मुलं होती. मीच त्यांना बोट दाखवून, खिटी कशी लावायची ते सांगून, धक्क्यावरून दोर सोडले.

पण त्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी मी अंकलकडे गेलो होतो. त्यांना आदल्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. अनीस वैतागलेली.

"काल आल्यापासून हात धुवू देत नाहीयेत. हातांना डिझेलचा वास, आणि तसेच जेवले! विचारलं तर म्हणतात, राहू दे, उद्या परत कामावर जायचंय."

अंकलनी मला पाहिलं आणि उठायला लागले.

"चल बेन्सन," ते म्हणाले, "उशीर होतोय."

मी त्यांची चप्पल शोधून आणली.