पहिल्या रांगेतला बोरा

सिनेमात

दिवसा रात्र हवी म्हणून मांडवाला काळं कापड बांधलं होतं. दिघोरीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा आणि रात्रभर नाटक, पन्नासेक वर्षांपूर्वीची. स्टेजसमोर खड्डा. खड्ड्यात प्रॉम्प्टर बसून नटांना ओळी सांगतोय, तोच हिरो. त्याच्या मागे बायांची पहिली रांग, आणि रांगेत बसायला अंथरलेला गोणपाटाचा एक रिकामा बोरा. हिरो वळून वळून त्या बोऱ्याकडे पाहणार.

"ॲक्शन," रुचिका म्हणाली. पिक्चर तिचा होता.

प्रेक्षक म्हणून बसवलेल्या गावातल्या बायांमधून म्हातारी सुंदरबाई उठली आणि बोऱ्यावर जाऊन बसली.

"कट. आजी, तुमची जागा तिकडे, निर्मलाबाईंजवळ."

"मालूम हाय."

"मग?"

"हे जागा बी माहीच हाय."

"ऊठ वं सुंदरे," निर्मलाबाई मागून म्हणाली. "हिरोइन व्हाचं वय गेलं तुहं."

बाया हसल्या. सुंदरबाई उठली नाही.

कादंबरीत

ती आली नाही.

दुपारीच त्याने तिच्यासाठी जागा धरून बोरा टाकला होता. निरोप दिला होता: यावर बसलीस तर होकार समजेन, मागणीला घरी माणसं पाठवीन. नाटकभर तो वळून पाहत राहिला. मग भंडाऱ्याला निघून गेला, तो परतलाच नाही.

कृष्णरावांची ही पानं वाचून कितीतरी लोक रडले. सुंदरबाईने वाचली नव्हती. सकाळी रुचिकाने बायांना सीन समजावला, तेव्हा तिला कळलं की आपण आलोच नव्हतो.

पुन्हा सिनेमात

"आजी, सगळे खोळंबलेत. काय झालं ते तरी सांगा."

"मी आलती. याच बोऱ्यावर बसून होती. आता तुमचा शिनेमा गावोगाव जाईन, अन् लोक म्हनतीन, पोरगी आली नाही."

मॉनिटरजवळ खुर्चीत म्हातारे कृष्णराव बसले होते. शूटिंग पाहायला मुद्दाम आलेले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"सर, तुम्ही वळून पाहिलं होतं ना?" रुचिकाने विचारलं.

"प्रॉम्प्टरला वळता येत नाही," ते हळू म्हणाले. "एक ओळ चुकली की नट तसाच उभा राहतो."

"पण कादंबरीत तर..."

"पडदा पडल्यावर वळलो. बोरा रिकामा होता. बाकीचं मी लिहिलं."

तेव्हा

पडदा पडायच्या आधीच नत्थूने, सुंदरच्या बापाने, बैलांची रेंगी जुंपली. सकाळी धान कापायला जायचं होतं. ती उठली तेव्हा खड्ड्यातला माणूस शेवटचा प्रवेश वाचत होता.

मग ती रोज अंगण सारवून वाट पाहत राहिली. माणसं आली, ती मोहाडीहून, दुसऱ्याच घरची.

बोऱ्यावर

"काहून उठल्या तुम्ही?" कृष्णरावांनी विचारलं. आवाज तिच्यापर्यंत पोहोचेल एवढाच होता.

"बाबा उभा होता डोक्यावर. तुमाले हाक मारली असती तं नाटक थांबलं असतं." तिने बोऱ्याची कड सरळ केली. "कोन्या राजाचं नाटक होतं, मले नाही आठवत. तुमचा सदरा उसवला होता खांद्यात. मी तेच पाहत बसली. वाटे, सुई असती तं टाका घालून देल्ला असता."



रुचिकाने कपडेवाल्याला बोलावलं. "हिरोचा सदरा खांद्यात उसवा. उजव्या का, आजी?"

"डाव्या."

खड्ड्यातून प्रफुल्लने, हिरोने, मान वर काढली. "मॅडम, मग मी वळायचं केव्हा?"

"वळायचं नाही. ओळी वाच."

रुचिकाने खूण केली, तशी तरुणपणीच्या सुंदरचं काम करणारी नटी बोऱ्याशी येऊन उभी राहिली. सुंदरबाई थोडी सरकली. तिने पोरीला शेजारी बसवून घेतलं, पण स्वतः उठली नाही. रुचिकाने तेही राहू दिलं.

"ॲक्शन."

प्रफुल्ल ओळी सांगू लागला. त्याची पाठ बायांकडे, खांद्यावर उसवण.

कृष्णरावांनी खुर्ची बोऱ्याकडे फिरवली. मॉनिटरकडे त्यांची पाठ झाली.

"सर," कोणीतरी कुजबुजलं, "शॉट इकडे दिसतो."

"असू दे," ते म्हणाले. "मले दिसून राहिला."