उजेडात धरलेली कवळी

धाकट्याला स्वतःचा शोध घ्यायची हुक्की आली तेव्हा त्याच्या डोक्यावर केस फारसे उरले नव्हते, आणि ताईच्या मते डोक्याच्या आतही फार वेगळी परिस्थिती नव्हती. दर शनिवारी दुपारी हातातलं काम टाकून तो इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि छपाईवाल्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंकडे जायचा. तिथे म्हणे चांगली धडधाकट माणसं गोल करून बसत आणि एकमेकांना आपापली स्वप्नं सांगत. ताईला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की हातातलं गरम मेण बोटावर सांडलं. त्याचाही दोष तिने त्या बाईंनाच दिला.

दोघं भावंडं कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर बोळक्या तोंडांची मापं पाठवत. त्यावरून प्लॅस्टरचा साचा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि मग हिरडी घडवायची. दात बसवणं ताईचं काम, हिरडी धाकट्याची. खोटा दात कोणीही खपवू शकतो, पण खोटी हिरडी हसताना उघडी पडते. धाकट्याच्या हिरड्या उघड्या पडत नसत. हे ताईला ठाऊक होतं, बोलून दाखवायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

घासूनपुसून तयार झालेली कवळी तो तिच्या टेबलावर आणून ठेवायचा. ताई ती उचलायची, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायची, हिरडीवरून अंगठा फिरवायची आणि जिभेने 'च्च' असा आवाज काढायची. मग कवळी खाली ठेवायची, ती नेमकी धाकट्याच्या बाजूला सरकवून. याचा अर्थ, पुन्हा घास. कुठे घासायचं ते सांगायची पद्धत नव्हती, ते त्याचं त्याने शोधायचं. आणि आवाज नाही आला, तर ताई कवळी डबीत घालून पुढच्या कामाला लागायची. त्या घरात कौतुक म्हणून जे काही होतं ते एवढंच.

कारखाना मूळचा आबांचा, म्हणजे या दोघांच्या वडिलांचा. आबांनी कारखाना काढला आणि ताईला कॉलेजातून काढलं. त्यांच्या हाताखाली ती जे शिकली ते डोळे पुसत शिकली. ते गेले तेव्हा ती चार लोकांसारखी रडली, पण आतून तिला हायसं वाटलं होतं, आणि ते तिने स्वतःपासूनही लपवलं नव्हतं. धाकटा तेव्हा दुसरीत होता. भट्टी आणि गरम मेण यांच्यामुळे पोराला कारखान्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्याला पुढे ताईनेच वाढवलं, शिकवलं, हाताशी घेतलं. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं, त्याचं तिने कधी भांडवल केलं नाही. आपण आबांसारखं वागायचं नाही, एवढं मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं. आबा ओरडायचे, वेळप्रसंगी हात उचलायचे. ताईने धाकट्यावर कधी हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. हा तिचा मोठा अभिमान होता.

आणि हाच धाकटा एका शनिवारी घरी येऊन म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यापासून मी कामाला येणार नाही. मला माझं असं काहीतरी शोधायचंय."

"का, हरवलंय काय?" ताई म्हणाली. "चष्मा शोधत असशील तर डोक्यावर आहे."

तो खरंच डोक्यावर होता. धाकट्याने तो नाकावर घेतला. इतर वेळी तो असल्या बोलण्यावर ओशाळं हसायचा, आज हसला नाही. ताई घाबरली. तिचं या जगात दुसरं होतं कोण? पण भीती वाटली की ताईला रडू येत नसे, ताईला भांडण येई. पुढच्या शनिवारी तीही चांगली साडी नेसली आणि त्या बाईंचं पितळ उघडं पाडायला भावाबरोबर निघाली.

खोली पाहूनच तिचं मत तयार झालं. जमिनीवर जाड गालिचा, त्यावर उशा, आणि प्रत्येक उशीजवळ कागदी रुमालांचा एक खोका. म्हणजे इथे येणारा रडणार, हे बाईंनी आधीच ठरवून टाकलेलं. खिडकीत मातीच्या ओबडधोबड बाहुल्या मांडल्या होत्या. मागच्या वेळी प्रत्येकाने 'आतला मी' घडवला होता म्हणे. निवृत्त मॅनेजरसाहेबांचा आतला मी बटाट्यासारखा दिसत होता आणि बाहेरचाही फारसा वेगळा नव्हता. पडदे विकणाऱ्या एका बाईने आतल्या स्वतःला पंख लावले होते. धाकट्याची बाहुली मात्र साधी होती, मान जराशी खाली घातलेलं एक पोर. माती गुळगुळीत होईतो त्यावरून बोट फिरवलेलं दिसत होतं.

मार्गदर्शक बाई मऊ आवाजात बोलत. प्रत्येक वाक्याआधी त्या मान कलती करत, डोळे मिटत आणि एक दीर्घ श्वास सोडत, जणू समोरच्याचं ओझं त्यांनाच जिन्यावरून चढवावं लागलं होतं. मॅनेजरसाहेबांनी स्वप्न सांगितलं, लिफ्ट खाली खाली जाते आणि थांबतच नाही. बाईंनी श्वास सोडला. "लिफ्ट तुम्हाला आईकडे नेतेय," त्या म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांनी लगेच खोक्यातला रुमाल ओढला.

"मेकॅनिकला बोलवा," ताई पुटपुटली, पण पुरेशा मोठ्याने.

बाई रागावल्या नाहीत, हे ताईला मुळीच आवडलं नाही. उलट त्यांनी त्या दिवसाचा खेळ समजावला. "जो माणूस आपल्याला अगदी सहन होत नाही, तो आपल्याच आत कुठेतरी खुर्ची टाकून बसलेला असतो. आज त्याच्याबद्दल बोलायचं नाही. आज तोच व्हायचं. कोण सुरुवात करतंय?"

"मी," ताई म्हणाली आणि पुढे झाली. उशी ओढून ती ऐसपैस बसली, मग मान कलती केली, डोळे मिटले आणि असा काही श्वास सोडला की खिडकीतला पडदा हलावा. "तुमच्या पायातली चप्पल," ती मऊ मऊ आवाजात मॅनेजरसाहेबांना म्हणाली, "तुम्हाला मावशीकडे नेतेय." खोलीत एकदम हशा पिकला. पडदेवाल्या बाईला ठसका लागला. मार्गदर्शक बाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ताईचा जीव थंड झाला. आपण मोहीम फत्ते केली असं तिला वाटलं. आता भावाचा हात धरायचा आणि घरी जायचं.

"मी करतो," धाकटा म्हणाला.

तो उठला. खिडकीतल्या बाहुल्यांमधून त्याने आपलीच बाहुली उचलली. उजेडात धरली. थोडी फिरवली. तिच्या पाठीवरून हळूच अंगठा ओढला. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी घट्ट झालं आणि जिभेने आवाज केला, "च्च." बाहुली त्याने परत ठेवली, पण जागेवर नाही. ज्याने बनवली तो जिथे बसला असेल तिकडे, जराशी सरकवून.

कोणी हसलं नाही. एक ताई तेवढी जागच्या जागी उसळली. तिने टाळीच वाजवली.

"आबा!" ती म्हणाली. "अगदी हुबेहूब आबा! तो अंगठा, ती जीभ! अरे, माझी निम्मी जवानी त्या आवाजाने खाल्ली. दिवसभर खपून एखादी कवळी करावी, आणि शेवटी काय, तर च्च! कुठे चुकलं ते सांगतील तर शपथ. जीव नकोसा व्हायचा माझा. शाबास रे छोट्या, तुलाही ते सहन व्हायचे नाहीत तर! आणि मी इतकी वर्षं समजत होते की ते मलाच एकटीला..."

धाकटा तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर ताईने तो परतवला असता.

"ताई," तो म्हणाला, "आबांना काम करताना मी कधी पाहिलं?"

ताईचे टाळीचे हात खाली आले. दुसरीतलं पोर, कारखान्याचं बंद दार, आत जायची मुभा नाही, तिनेच तर त्याला किती वेळा दारातून मागे ओढलं होतं. तो जे काही शिकला ते एकाच माणसाकडून शिकला होता.

मार्गदर्शक बाईंनी मान कलती केली आणि श्वास घेतला. "तुम्ही काही बोलू नका," धाकटा त्यांना म्हणाला, आणि नवल म्हणजे त्या बोलल्या नाहीत. ताईच्या जवळचा रुमालांचा खोका तसाच भरलेला राहिला. ती उठली, पदर सावरला आणि जिना उतरली. खाली येईपर्यंत तिने बाईंना, त्यांच्या उशांना आणि त्या बटाट्याला मनातल्या मनात सणसणीत शिव्या हासडल्या, पण त्यातली एकही मनाला लागू पडली नाही.

वाटेत बरंच चालल्यावर ती म्हणाली, "मग काय, आता या बाईंच्या पायाशी बसून स्वप्नं चघळणार का?"

"नाही. कवळ्याच करणार. दुसऱ्या गावात एका कारखान्यात जागा आहे."

"म्हणजे हेच काम?"

"हेच."

भाऊ साधू झाला असता, नाच शिकायला गेला असता, बाईंच्या दारात गालिचा झटकत बसला असता, तर तिने वर्षभर तोंडसुख घेतलं असतं आणि ते तिला पुरलंही असतं. पण त्याला काम नको नव्हतं. तो तिच्यापासून जात होता, आणि हे समजायला कुठलंही स्वप्न उलगडावं लागत नव्हतं.

महिना संपत आला तशी ताई फार कमी बोलू लागली. 'च्च'ही करत नव्हती. आलेली प्रत्येक कवळी ती सरळ डबीत घालत होती, उजेडात धरायला घाबरत होती म्हणा ना. आतल्या आत मात्र ती स्वतःवर दात खात होती. आबांचा तिने जन्मभर तिटकारा केला, आणि आबा खुशाल तिच्याच अंगठ्यात येऊन बसले होते. बाईंचं म्हणणं खरं निघालं, हा तर वरचा अपमान. ते बाईंना कधीही कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या दिवशी धाकट्याने एका म्हाताऱ्या गृहस्थांची वरची कवळी तिच्या टेबलावर आणून ठेवली आणि तो आपली हत्यारं पुसायला गेला. ताईने ती उचलली आणि या खेपेला खिडकीपाशी नेली. हिरडी सुळ्याजवळ किंचित गडद होती, वय झालेल्या माणसाची असते तशी, आणि आत बारीक लाल शिरा उतरल्या होत्या. अंगठा आपोआप तिच्यावरून गेला. जीभ टाळूला चिकटली. ताईने ती तशीच धरून ठेवली, दात घट्ट मिटले, आणि आवाज गिळून टाकला. या हाताला हे असलं जमतं, आणि हा हात आपणच वाढवलाय, हे तिला एकदम इतकं जाणवलं की डोळे भरून आले.

"छान झालीय," ती म्हणाली.

धाकट्याने मान वर केली. फडकं बाजूला ठेवून तो आला, तिच्या हातातून कवळी घेतली, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि खिडकीपाशी जाऊन ती उजेडात धरली.

"कुठे राहिलंय?" त्याने विचारलं.

"अरे, कुठे नाही. खरंच छान झालीय."

"कळलं, ताई," तो म्हणाला. "घासतो परत." आणि त्याने पॉलिशचं चाक सुरू केलं.